पंच कोणाचा माणूस

कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे मंगरू आधी धड पाय वर टाकायचा, मग कुबडी, आणि मग तो दुसरा पाय ओंडक्यासारखा ओढून घ्यायचा. मागून तुळसा, त्याची बायको. तिच्या एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा सदरा मागून घट्ट धरलेला. एकदा तो असाच मागे झुकला होता आणि दोघंही गडगडत खाली जायचे थोडक्यात वाचले होते. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. लाखनीहून एसटी धरायची, भंडाऱ्याला उतरायचं, पायऱ्या चढायच्या, बाकावर बसायचं, पुढची तारीख घ्यायची आणि परत यायचं. दुखण्याने माणूस थकत नाही एवढा वाट पाहून थकतो बघा. मंगरूला आताशा बसमध्ये बसल्याबरोबर डुलकी लागायची, आणि उठल्यावर तो झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेला असायचा.

हा मंगरू नंदागवळी आमच्या गावचा कबड्डीचा पंच. पोटासाठी राइस मिलमध्ये पोती उचलायचा, पण कोणी विचारलं, 'काय करता जी?' तर हमाल म्हणून सांगायचा नाही. 'पंच आहो,' म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. धान कापून झालं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या, की आमच्या भागात गावोगाव कबड्डीचे सामने लागतात, आणि फायनल म्हटली की 'मंगरूभाऊले बोलवा' हे ठरलेलं. इकडे नाकाडोंगरीपासून तिकडे कोंढ्यापर्यंत त्याची शिट्टी ऐकलेली माणसं सापडतील.

त्याची एक रीत होती. जुने पंच पाळायचे, पुढच्यांनी सोडून दिली, याने सोडली नाही. ज्या गावात सामना, तिथल्या मंडळाचं पाणी प्यायचं नाही. घरून बाटली भरून न्यायची, डबाही घरचाच. शिट्टी आपली, पांढरा शर्ट आपला. सामना संपला की मंडळ दुपट्टा आणि नारळ देई, सोबत मानधनाचं पाकीट. ते पाकीट तो गावाची वेस ओलांडल्याशिवाय उघडायचा नाही. 'ज्याचं पाणी पेलो त्याच्या बाजूनं नजर झुकते,' असं त्याचं म्हणणं. लोक हसायचे, पण मानायचेही.

यामागे आणखी एक गोष्ट होती. मंगरूचा बाप याच गावात एका मोठ्या घरी सालदार होता. सकाळी जाऊन त्या घरच्या अंगणात उभं राहायचं, आणि मालक काम सांगेपर्यंत उभंच राहायचं. बापाचं ते उभं राहणं मंगरूने लहानपणी रोज पाहिलं होतं. म्हणून मैदानाचं त्याला एवढं अप्रूप. त्याच मोठ्या घरचा नातू चढाईला यायचा, आणि मंगरूने बोट दाखवलं की निमूट बाहेर जाऊन बसायचा. बौद्ध वस्तीतल्या हमालाच्या एका बोटावर सारं गाव उठतं-बसतं, अशी दुसरी जागा गावात होती कुठं? सांगा, कोण सोडेल असली जागा!

त्या साली सामने आमच्याच गावात होते. मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी. किराण्याचं दुकान, मनाने चांगला माणूस, फक्त बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. विमा असल्याशिवाय परवानगी नाही असं त्या वर्षी वरून सांगितलं, म्हणून भैय्याजींनी पहिल्यांदाच विमा काढला. खेळाडूंचा, आणि मंडळाने सामन्यांच्या कामाला लावलेल्या माणसांचा. फायनल आमचं गाव विरुद्ध कोंढा. शेवटची चढाई, कोंढा एका गुणाने मागे, आणि चढाईला आला त्यांचा अनुप. पोरगा विजेसारखा. त्याने कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला खरा, पण हात लागायच्या आधीच त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला होता. मंगरूने शिट्टी मारली, बोट वर केलं, आणि त्याच क्षणी अनुपच्या मागे झेपावलेले चार धिप्पाड गडी थेट मंगरूच्या पायावर येऊन कोसळले. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मातीत पडल्या पडल्या त्याला कोणीतरी विचारलं, "काका, निकाल काय?"

"पाय बाहेर. हात लागाच्या आधी. कोंढा बाद," मंगरू म्हणाला, आणि मग त्याची शुद्ध गेली.

कोंढ्याची पोरं थोडी कुरकुरली, पण मंगरूचा निकाल म्हणजे निकाल. ढाल आमच्या गावाला मिळाली. मंगरूला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

हाड जुळलं, आत सळई बसली, पण गुडघा काही वाकेना. तेवढं सरकारी योजनेतून झालं. पुढे नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, गुडघाच बदलावा लागेल, म्हणजे निदान संडासला बसता येईल, चालता येईल. हे काही योजनेत बसत नव्हतं. मिलवाल्याने दुसरा माणूस लावला. पाय न वाकणारा हमाल घेऊन तो तरी काय करणार. राहिली तुळसा. रोवणीच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात वाकून यायची, आणि घरी आली की नवऱ्याला दोन्ही काखांत धरून मोरीपर्यंत न्यायची. तो जड, ती काडी. एकदा त्याला खाली बसवता बसवता ती स्वतःच मटकन बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. "अजी, आता माझीच कंबर गेली तर आपल्याले कोन उचलन?" ती म्हणाली. रडत नव्हती, नुसतं विचारत होती.

म्हणून विम्याचा अर्ज केला. कंपनीचा चौकशीवाला गावात आला. आता बघा आमच्या लोकांचा शहाणपणा! मंगरूचं भलं व्हावं म्हणून सारं गाव गोळा झालं, आणि भैय्याजींनी चहा पाजून तोंड सोडलं. "आमचा मंगरूभाऊ म्हणजे देवमाणूस साहेब. मंडळाच्या बापाचं आइकत नाई. मी अध्यक्ष, पण मैदानात मलेबी गप बसवते. पानी पेत नाई आमचं, जेवन तर दूरच राह्यलं! असा पंच तुमाले जिल्ह्यात भेटनार नाई." चौकशीवाला माना डोलवत सारं लिहून घेत होता. बाकीचेही मागे राहिले नाहीत. प्रत्येकाने भरभरून कौतुक केलं. आणि महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं: हा माणूस मंडळाच्या कामाला नव्हताच, तो तर मानाने बोलावलेला पाहुणा, मंडळाचा त्याच्यावर हुकूम चालत नव्हता, म्हणून भरपाई मिळणार नाही.

भैय्याजींनी कपाळावर हात मारला. "मी तं चांगलंच बोललो होतो हो!"

"चांगलंच बोलले," मंगरू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग भंडाऱ्याच्या रिता वकिलांमार्फत कोर्टात दावा लावला. तरुण होत्या, समजावून सांगायच्या. "काका, कायदा एवढंच विचारतो, की तुम्ही कुणासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून काम करत होता. मंडळाने बोलावलं, वेळ त्यांनी ठरवली, मैदान त्यांचं, पैसे त्यांनी दिले. एवढं सांगा. मी खोटं बोला म्हणत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण त्यांचा वकील तुम्हाला निकालाबद्दल विचारेल. तिथं अडकू नका."

भैय्याजींनीही गळ घातली. पैसे कंपनी देणार होती, मंडळाच्या खिशाला चाट नव्हती. "तुमी फक्त म्हना, मी मंडळाचा मानूस होतो. मीबी तसंच सांगतो. झालं ना!"

सगळ्यांनाच हे सोपं वाटत होतं. मंगरूला रात्रंदिवस ते एकच वाक्य छळत होतं. मंडळाचा माणूस. उभ्या आयुष्यात तो कोणाचा माणूस नव्हता म्हणून तर त्याचं बोट चाललं. आता शपथ घेऊन तेच पुसायचं, आणि ते कशासाठी, तर एका गुडघ्यासाठी. पण गुडघा म्हणजे काही थोडी गोष्ट नव्हे. ज्याला बायकोने उचलून मोरीत न्यावं लागतं, त्याने मानाच्या गोष्टी कराव्यात की नाही, हेही त्याला कळेनासं झालं होतं. दिवसभर उंबऱ्यात बसून तो याचाच विचार करायचा, आणि विचार करून करून असा दमायचा की जणू दिवसभर पोतीच वाहिली असावीत.

शेवटी साक्षीची तारीख आली. कंपनीचा वकील अगदी सभ्य, आवाज चढवायचा नाही. त्यामुळे तर जास्तच भीती वाटत होती.

"शिट्टी कोणाची होती?"

"माझी."

"पाणी, जेवण?"

"घरचं."

"मंडळाने कधी सांगितलं का, की असं प्या, तसं खा?"

"मीच पेत नवतो."

रिता वकील उठल्या. वेळ आणि जागा मंडळाने ठरवली होती, मानधन मंडळाने दिलं होतं, हे त्यांनी नीट मांडलं. न्यायाधीश साहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढं चालू द्यायला सांगितलं. मग त्या वकिलाने तो प्रश्न काढला, ज्याची मंगरूला दीड वर्ष धास्ती होती.

"आता एकच सांगा. तुम्ही निकाल दिला, आणि मंडळ म्हणालं, निकाल फिरवा, तर तुम्ही फिरवला असता का?"

मंगरूने कठड्याला धरलं. 'नाई' हा शब्द त्याच्या ओठांवर येऊन बसला होता. जन्मभर तो याच शब्दावर उभा होता. तो बोलणार एवढ्यात त्याची नजर मागच्या बाकावर गेली. तुळसाने काही इशारा वगैरे केला नव्हता. ती झोपली होती. भिंतीला डोकं टेकून, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर डब्याची पिशवी, आणि तिच्यावर चिखलाने फुटलेले दोन हात. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग बस, मग पायऱ्या. ती जागी असती, तिने डोळ्यांनी विनवलं असतं, तर कदाचित तो हट्टाने 'नाही' म्हणाला असता. झोपलेल्या माणसापुढे हट्ट तरी कसा करणार?

"फिरवला असता," मंगरू म्हणाला. "मंडळ सांगन तसं. मी त्याइचाच मानूस होतो जी."

रिता वकिलांनी मान खाली घातली. कंपनीच्या वकिलाला हे उत्तर अपेक्षित नसावं. तो जरा गडबडला आणि खाली बसला. टायपिंगवाल्याने ते लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये तुळसाने विचारलं, "माझा डोळा लागला होता. काय विचारलं त्यानं?"

"काई नाई. पानी कोनाचं पेत होते म्हनून."

निकाल मंगरूच्या बाजूने लागला. भरपाई मंजूर झाली, नागपूरला गुडघा बदलला, आणि पावसाळ्यानंतर मंगरू कुबडी टाकून चालू लागला. तुळसा पहिल्यांदा निर्धास्त मिरच्या तोडायला गेली, मागे वळून न पाहता. हे सारं झालं, नाही असं नाही. पण कोर्टातलं बोलणं गावात यायला काही एसटी लागत नाही. ते आधी लाखनीला पोचलं, मग कोंढ्याला, आणि एके दिवशी कोंढ्याची वीस-पंचवीस माणसं दोन गाड्या भरून भैय्याजींच्या दुकानासमोर उभी राहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पंचानेच शपथेवर सांगितलं की निकाल मंडळ म्हणेल तसा. मग तुमच्याच मंडळाने तुमच्याच गावाला ढाल दिली, असंच ना? ढाल द्या.

भैय्याजी लगबगीने मंगरूकडे आले. घाम पुसत म्हणाले, "मंगरूभाऊ, मीच म्हनलो होतो, मंडळाचा मानूस म्हना म्हनून. पन निकालाचं कायले बोलले?"

"त्यानं तेच विचारलं."

"आता मी त्याइले काय सांगू? मी कधी म्हनलो का तुमाले, असा द्या, तसा द्या? माझ्यावर आळ आला ना हो! साऱ्या गावावर आला."

मंगरूने 'मी खोटं बोललो' एवढं म्हटलं असतं की आळ गेला असता. पण शपथेवर खोटं बोलला म्हणून त्याला धरलं असतं, आणि पैसे परत मागितले असते. ते पैसे आता त्याच्या पायात बसलेले.

"देऊन टाका ढाल," तो म्हणाला. "कायले भांडता."

"तुमाले काईच वाटत नाई का?"

"वाटून काय करू भैय्याजी? मी थकलो आता."

भैय्याजी रागाने निघून गेले. ढाल गेली. कोंढ्यात डीजे लावून मिरवणूक निघाली म्हणे. आमच्या गावातल्या पोरांनी मंगरूशी बोलणं सोडलं, शिव्या दिल्या नाहीत, नुसती त्याच्या जवळून गेली की मोबाईलमध्ये बघायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या साली सामने लागले तेव्हा पंच साकोलीकडून आणला. मंगरू अंगणात बाजेवर बसून लाउडस्पीकर ऐकायचा. आरडाओरड झाली की त्याची मान आपोआप वर व्हायची, आणि तुळसा चुलीकडून ते पाहायची. तोवर तिलाही कळलं होतं, कोर्टात त्याला काय विचारलं होतं ते. दोघांनी त्यावर एक शब्द काढला नव्हता.

अशाच एका दुपारी दारात मोटरसायकल थांबली. अनुप. अंगाने अजून भरला होता, पण दारात आल्यावर त्याचे खांदे पडले होते.

"काकाजी, पाय कसा आहे?"

"बरा आहे. बस."

अनुप बाजेच्या कडेला बसला. दोनदा घसा खाकरला. "एक सांगाचं होतं. त्या दिवशी माझा पाय बाहेरच होता. टाचेले रेषेचा चुना लागला होता. मले तवाच समजलं होतं."

"मले माहीत आहे."

"तुमचा निकाल बरोबर होता काकाजी."

"मले माहीत आहे म्हनलं ना बाप्पा!" मंगरू एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ओरडला. "माहीत होतं तं ढाल कायले नेली?"

"मी नाई नेली, गावानं नेली. मिरवनुकीत मले खांद्यावर घेतलं होतं. तवा कसं सांगू?"

"आता सांग. चार मानसांत सांग, तुया गावात."

अनुपने वर पाहिलं. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरोखरच विचारत होता तो. "तुमी सांगान का पहिले? कोर्टात खोटं बोललो म्हनून? तुमी सांगितलं तं मीबी सांगतो."

मंगरूने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. पैसे माणूस कर्ज काढून परत करेल एक वेळ. गुडघा कसा परत करायचा? त्या निकालातलं खरं माहीत असलेली दोनच माणसं जगात होती, दोघंही एकाच बाजेवर बसली होती, आणि दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती.

तुळसा दारात उभी राहून सारं ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि अनुपसमोर उभी राहिली.

"मी तवा मैदानात नवती रे बाबू. अना कोर्टात मले झोप लागली होती," ती म्हणाली. "मले सांग. माझ्यासमोर उभा राहून सांग, काय झालं होतं."

अनुप उठला. शाळेत उभं करावं तसा हात बाजूला घेऊन उभा राहिला. "काकू, मी बाद होतो. काकाजीनं निकाल बरोबर देल्ला. त्याइले कोनी सांगितलं नवतं."

तुळसाने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. "आइकलं मी," ती म्हणाली.

मंगरूने मान हलवली. एवढ्या मोठ्या मुलखात ते ऐकणारी ती एकटीच होती, आणि त्याला आता उरलेलं सारं आयुष्य तेवढ्यावरच भागवायचं होतं.